भाऊंच्या वाट्याचं पाणी

११ एप्रिल, शुक्रवार

काल सकाळी मी भाऊंच्या हातातून पाण्याचा पेला काढून घेतला.

चूळ भरायला दिलेलं पाणी होतं. पहिली चूळ त्यांनी घमेल्यात टाकली. दुसऱ्या वेळी गाल फुगले आणि तसेच राहिले. ते माझ्याकडे बघत होते. मग गळ्याची घाटी हलली आणि पेला पुन्हा तोंडाशी गेला. मी त्यांचं मनगट धरलं, बोटं सोडवली आणि पेला घेतला. त्यांनी ओढाताण केली नाही. अंगात जोरच नव्हता.

माणिकभाऊ माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. वडील गेले तेव्हा मी तिसरीत होतो. त्यांनी शेत धरलं आणि मला गावच्या शाळेत सातवीपर्यंत बसवलं. पाया पडणं सोडलं तर मी त्यांना कधी हात लावलेला नाही. मनगट धरल्यावर काय वाटलं ते लिहावं म्हणून आज बसलो, पण काही वाटलं असं सांगता येत नाही. पेला मोरीत ओतला आणि विसळून पालथा घातला.

पाडव्याच्या आधी नागपूरला त्यांचं मोठं ऑपरेशन झालं. पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली होती. ती कापून नळी बसवायची होती, आणि तेवढा वेळ वरून चिमटा लावून रक्त बंद ठेवायचं होतं. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी आदल्या दिवशी एक्स-रेच्या पाकिटावर चित्र काढून दाखवलं. म्हणाल्या, "चिमटा लागला की वर दाब वाढतो, खाली काहीच पोचत नाही. तेव्हा सलाईन जास्त सोडलं तर हृदयावर ताण येतो. कमी पडलं तर चिमटा काढताना रक्त रिकाम्या पायांकडे धावतं आणि दाब कोसळतो. म्हणून काढायच्या आधी थोडं थोडं भरत जायचं, आणि चिमटा एकदम नाही, हळूहळू सैल करायचा." मोटर चालू असताना वॉल्व्ह बंद केला की पाइप कसा फुगतो ते मी शेतात पाहिलं आहे. तेवढं समजलं. बाकीचं त्यांच्यावर सोडलं.

चिमटा निघाला, भाऊ जगले. पण किडन्या चिमट्याच्या खालच्या बाजूला आल्या होत्या. तेवढा वेळ त्यांना रक्त मिळालं नाही आणि त्या झोपल्या. बहुतेक जाग्या होतील, डॉक्टरबाई म्हणाल्या. तोवर आठवड्यातून दोनदा आदिलाबादला मशीनवर रक्त धुवायचं आणि पाणी मोजून द्यायचं. लघवी जवळजवळ नाहीच, त्यामुळे जास्तीचं पाणी जाणार कुठे? ते फुप्फुसात भरतं आणि माणूस पलंगावर बसल्या बसल्या बुडतो. निघताना डॉक्टरबाई म्हणाल्या, "ऑपरेशनमध्ये पाण्याचा हिशोब आम्ही सांभाळला. घरी आता तुम्ही सांभाळायचा."

पाऊण लिटरची खूण केलेली एक बाटली आहे. दिवसभरात तेवढंच. गोळ्यांबरोबरचं, चहातलं, वरणातलं, सगळं त्यातच धरायचं.

१२ एप्रिल, शनिवार

हनुमान जयंती. गावातल्या देवळात गर्दी होती, म्हणून नदीकडच्या महादेवाला गेलो. उन्हाळ्यात पिंडीवर मडकं टांगलेलं असतं, त्यातून दिवसभर थेंब पडतो. ते भरायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. आज घागर ओतता ओतता हात थांबला. देवाला कमी करावं असं मनात आलं नाही. मला कमी करावं असं आलं.

ओंजळीत पाणी घेऊन संकल्प सोडला. भाऊंना जेवढं पाणी, तेवढंच मला, त्यांच्या किडन्या जाग्या होईपर्यंत. गोठ्यात तशीच खूण केलेली बाटली ठेवली आहे. सकाळी भरायची आणि दिवसभर पुरवायची. कोणाला सांगणार नाही. सांगितलेल्या व्रताची लोक वाहवा करतात आणि ते तिथेच संपतं.

याने किडनीला काय फरक पडणार, असं कोणी विचारेल. पण एकाने पाण्याकडे बघत बसायचं आणि दुसऱ्याने त्याच्यासमोर घटाघटा प्यायचं, हे मला होणार नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

माणसं भेटायला येतात. शहाळी आणतात, मोसंबी आणतात, बाटलीतलं रंगीत सरबत आणतात. द्वारकावहिनी सगळं आतल्या खोलीत नेऊन झाकून ठेवतात. भाऊ प्रत्येकाला एकच गोष्ट मागतात. "इतकुसं पानी दे न बावा." मी बाजेशी बसलेला असतो, म्हणून पाहुणे माझ्याकडे बघतात. मी मान हलवतो.

शेजारचा लखन आज म्हणाला, "गोपालभाऊ, तुमी त दारूबंदीवाल्याहून कडक झाले. तो निदान चिरीमिरी घेऊन सोडते." त्याचीच ऑटो आम्हाला आदिलाबादला नेते, म्हणून त्याला बोलायची सूट आहे. भाऊसुद्धा हसले. ओठाला चीर पडली आणि रक्त आलं. वहिनींनी तूप लावलं.

भाऊंना एकट्याने जेवायची सवय नाही, म्हणून माझं ताट त्यांच्या बाजेला लागूनच मांडतात. माझी बायको सुवर्णा नेहमीसारखा ताटाशी तांब्या भरून ठेवते. मी त्याला हात लावत नाही. जेवण झालं की मागच्या अंगणात हात धुतो आणि तसाच गोठ्यात जातो. आज सुवर्णा म्हणाली, "उन्हाळा लागला अन् तुमचं पानी वाढलं. दोनी टाइम तांब्या साफ."

मी हूं म्हटलं. वहिनी आवरताना ओतून टाकत असतील. एका परीने बरंच झालं, सुवर्णाला संशय नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

आदिलाबाद. मशीनवर बसवायच्या आधी वजन करतात. काट्यावर आकडा आला तसा पूनमने पेन खाली ठेवलं. ती तिथली टेक्निशियन, घरी मराठी बोलते, पण रागावली की तेलुगू येतं.

"नीळ्ळु कोण पाजतंय? पाणी कोण देतंय यांना?"

"कोणी नाई. बाटलीतलंच," मी म्हणालो.

"काका, तीन दिवसांत तीन किलो वाढलं. तीन किलो काय भात खाऊन वाढलं? हे पाणीच आहे सगळं. पायावर बोट दाबून बघा."

मी दाबलं. खळगा पडला आणि बराच वेळ भरला नाही.

डॉक्टर राउंडला आले. महिनाभरात किडन्या जाग्या झाल्या नाहीत तर पुढचा विचार करावा लागेल म्हणाले. मग मला विचारलं, "तुम्ही सख्खे भाऊ ना? रक्तगट?" एकच आहे म्हटलं. "बीपी, शुगर?" काही नाही म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि कागदावर लिहून घेतलं. माझं कशाला लिहिलं ते विचारायचं राहून गेलं.

परतताना लखनने रसवंतीपाशी ऑटो थांबवली. मी नको म्हटलं. वाटेतल्या जैनथपर्यंत डोकं धरल्यासारखं झालं होतं. ऊन फार आहे.

२१ एप्रिल, सोमवार

पहाटे भाऊंना दम लागला. आडवं पडवेना. बाजेवर बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, भात शिजताना येतो तसा छातीत आवाज. वहिनी पाठ चोळत होत्या. लखन बनियनवरच आला. आज मशीनचा दिवसच होता, म्हणून पोचल्यावर लगेच घेतलं.

मशीनमधून पाणी काढतात ते दिसत नाही. आकडा दिसतो फक्त. भाऊ झोपले. समोर टीव्हीवर आवाज बंद करून तेलुगू मालिका चालू होती. मी ती पूर्ण पाहिली. कोणाचं तरी लग्न मोडलं.

पूनम म्हणाली, "आज उशीर झाला असता तर माझ्याकडे आणून उपयोग नव्हता."

परत येताना ठरवलं. भेटायला येणारे बंद. प्रत्येकाला वाटतं मागणाऱ्या आजाऱ्याला घोटभर दिलं तर काय होतं, आणि मी उठलो की देत असतील. असे घोट जमून तीन किलो होतात. पाणी मागणाऱ्याला नाही म्हणायचं आपल्याकडे कोणाला शिकवलेलंच नाही. मलाही नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

दिवसभर ओसरीवर बसलो. माणसं आली, शहाळी घेऊन परत गेली.

दुपारी बयनाआत्या आली, काठी टेकत. वडिलांची बहीण, घरात सगळ्यात मोठी तीच. मी उठून पाया पडलो आणि तिथेच थांबवलं.

"आत्या, आत जाऊ नको. डॉक्टरनं मना केलं."

"मी काय डॉक्टरच्या घरी आली काय? माया माणिकच्या घरी आली."

"तू पानी देशील त्याले."

"देईन. मांगल त देईन. तुया बापाच्या तोंडात शेवटचं पानी मीनंच घातलं होतं, तू अंगणात खेळून राह्यलता. आता मले दारातून वापस करतं?"

"ते शेवटचं होतं, आत्या. हे तसं नाई होऊ द्याचं."

ती उन्हात थोडी उभी राहिली. मी तिला बस म्हणालो नाही, पाणीही विचारलं नाही. घरी आलेल्या माणसाला पाणी न विचारता पाठवण्याची ही पहिलीच वेळ. ती गल्लीच्या वळणावर गेल्यावर ते ध्यानात आलं.

आतून भाऊ म्हणाले, "कोन होतं?"

"कोणी नाई."

२४ एप्रिल, गुरुवार

वजन पुन्हा वाढलेलं. थोडं कमी, पण वाढलेलं. दारातून कोणी आत आलेलं नाही.

म्हणजे घरातलंच कोणी. मला दुसरं नाव सुचलं नाही. संध्याकाळी चुलीपाशी वहिनींना विचारलं. आवाज चढवला नाही, एवढं स्वतःच्या बाजूने लिहितो.

त्या म्हणाल्या, "मी पाजीन, गोपाल? मी? त्याईचा दम मी हातानं मोजला हाये त्या दिवशी." मग परातीतलं पीठ तसंच ठेवून उठल्या. भाकरी सुवर्णाने केल्या. माझ्याशी कोणी बोललं नाही. जेवताना सुवर्णाने ताटाशी तांब्या आपटून ठेवला.

भाऊ मात्र आज माझ्याशी फार मायेने बोलले. "तू जेव. हळू जेव. मंग जाय हात धुवाले." त्यांना घरातली भांडणं सहन होत नाहीत.

२६ एप्रिल, शनिवार

लघवीला जळजळ. रंगही गडद. उष्णता असेल. महादेवाच्या पायऱ्या चढताना डोळ्यांपुढे अंधार आला, खांब धरून उभा राहिलो. जप करताना आकडा विसरतो आणि पहिल्यापासून धरतो. बाटली दुपारीच संपली होती.

देवाने काही कळवावं असं वाटत नाही. त्याने सगळीकडे लक्ष कुठे द्यायचं? पण भाऊंची लघवी आज जरा जास्त झाली असं वहिनी सुवर्णाला सांगत होत्या. मला सांगितलं नाही. मी भिंतीपलीकडून ऐकलं.

२८ एप्रिल, सोमवार

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

वहिनी रुसलेल्या, म्हणून आज सुवर्णा आमच्याबरोबर आली. भाऊंना मशीनवर घेतलं. मी दाराशी उभा होतो. पुढचं मला आठवत नाही. जमीन गार होती एवढं आठवतं. डोळे उघडले तेव्हा शेजारच्या पलंगावर होतो आणि पूनम माझ्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडत होती. ती तशीच उभी राहत होती.

"हे काका तर त्या काकांहून कोरडे आहेत," ती डॉक्टरांना म्हणाली. "पाणी पीत नाही का तुम्ही?"



सुवर्णा म्हणाली, "पेतात न! कसे नाई पेत? दोनी टाइम भरून तांब्या ठेवतो मी, थेंब राहात नाई."

डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं, सलाईन लावलं. कागद आला तसे माझ्या उशाशी येऊन बसले. "तुमच्या किडन्यांवर ताण आलाय. किती दिवस चाललंय हे?"

मग सांगावं लागलं. संकल्प, गोठ्यातली बाटली, सगळं. सांगताना ते फार लहान वाटलं, पोरानं केल्यासारखं. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "उद्या तुमच्या भावाला किडनी द्यायची वेळ आली, तर मी ती कोणाची घेणार होतो? मी त्या दिवशी तुमचा रक्तगट कशाला लिहून घेतला?"

सुवर्णा अजून तिच्याच विचारात होती. "थांबा जरा. हे तांब्याले हात नाई लावत. वहिनी म्हनतात मी कधी ओतला नाई, मी बी नाई ओतला. मंग रोज तांब्या रिकामा कसा होते? पानी जाते कुठं?"

मशीनचं चाक फिरत होतं. आम्ही सगळ्यांनी एकाच वेळी भाऊंकडे पाहिलं. पूनमनेसुद्धा.

भाऊ छताकडे बघत म्हणाले, "मले वाटलं, तू मायासाठी ठेवून जातं."

"भाऊ..."

"चार लोकाईसमोर तू नाई म्हनतं. अन् जेवलं का तांब्या भरलेला तसाच ठेवून, पाठ फिरवून, चुपचाप चालला जातं. हात धुवाले इतका टाइम लागते काय कोनाले? मी म्हनलं, लेकरू समजते मायं. तोंडानं बोलू शकत नाई, म्हनून असं करते." मग म्हणाले, "मी पूरा पेत होतो. तुले वाईट वाटू नये म्हनून."

सुवर्णाने तोंडाला पदर लावला. ती हसली की रडली ते मला पलंगावरून दिसलं नाही. माझं सलाईन थेंब थेंब पडत होतं, त्यांचं रक्त नळीतून जाऊन येत होतं, आणि आमच्या पलंगांमध्ये पूनमचं स्टूल होतं. मी त्या स्टुलाकडे बघत राहिलो. काही वाटायला हवं होतं.

२९ एप्रिल, मंगळवार

वहिनींच्या पाया पडलो. त्या म्हणाल्या, "ऊठ. भाकरी करपून राह्यली." बयनाआत्याकडे जायचं आहे. अजून गेलो नाही.

सलाईन संकल्पात धरायचं की नाही, हा विचार करत होतो. मग लाज वाटली.

पण एक खरं लिहितो. घरी आल्यापासूनही मी पोटभर पाणी प्यायलेलो नाही. सुवर्णा हातात देते, मी दोन घोट घेतो आणि तिची पाठ वळली की ठेवून देतो. ती आता उरलेलं उचलून नेते, भाऊंच्या हाताला लागू देत नाही. मला सगळं समजलं आहे. माझ्या उपासाचं पाणी भाऊंच्या छातीत भरत होतं आणि त्यांना लागली तर द्यायची वस्तू मी वाळवत होतो. तरी गळा उघडत नाही. देवापुढे दिलेला शब्द आहे. आणि भाऊंची तहान तिथेच, हाताच्या अंतरावर बसलेली असते.

३० एप्रिल, बुधवार

महादेवाला गेलो. मडकं भरलं. संकल्प परत घेतो असं म्हणायला ओंजळ भरली. म्हणण्याआधीच पाणी बोटांतून गेलं.

१ मे, गुरुवार

मशीनचा दिवस. लखन दोनदा भोंगा वाजवून गेला, तिसऱ्यांदा आत आला. भाऊ धोतर नेसून तयार, पण बाजेवरून उठेनात.

"चाला भाऊ," मी म्हणालो.

"मी नाई येत."

"काऊन?"

"काल पाह्यलं मी. सुवर्णानं देल्लं अन् तू दोन घोट घेऊन खाटल्याखाली सरकवलं. तू पे आधी. मायासमोर. मंग मी त्या मशीनवर येतो."

"भाऊ, मशीन चुकलं त..."

"माहीत हाये काय होते. मलेच होते ते."

लखन म्हणाला, "गोपालभाऊ, पेऊन घ्या न बावा. लोकाईले दारू सोडवाले जड जाते, तुमाले पानी पेवाले जड जाऊन राह्यलं."

कोणी हसलं नाही. वहिनी दारात उभ्या होत्या. परवा रात्रीपासून भाऊंच्या पायांची सूज पुन्हा चढली आहे. मशीन चुकलं तर उद्या पहाटे काय होईल ते मी एकदा पाहिलेलं आहे.

मी म्हणालो, "तुमच्यासमोर नाई पेऊ शकत. मी आत जाऊन पेतो. शपथ घेतो."

"आत नाई. इथं." भाऊंनी बाजेवर हात आपटला. आवाज आला नाही एवढा हलका. मग हळू म्हणाले, "गोपाल, मी तुले पाह्याचं म्हनून राह्यलो. मले पेता नाई येत. पाह्यता त येते न."

सुवर्णा तांब्या घेऊन आली. मी तो घेतला. संकल्प सोडताना ओंजळ धरली होती, आज तसं काही केलं नाही, मनातल्या मनात देवाला एवढंच म्हटलं की आता माझ्याने होत नाही. मग तांब्या तोंडाला लावला.

पाणी माठातलं होतं, वाळ्याचा वास होता. पहिला घोट अडकला. भाऊ माझ्या गळ्याकडे बघत होते. मी थांबलो की त्यांचे ओठ हलायचे, मी गिळलं की तेही गिळायचे. मला डोळे मिटावेसे वाटले, पण ते पाहत होते म्हणून उघडे ठेवले. मध्ये दम घेतला. लखनने बाहेर जाऊन ऑटो सुरू केली. मी सगळं प्यायलो. तांब्या त्यांच्यासमोर पालथा धरला, दोन थेंब जमिनीवर पडले.

भाऊ म्हणाले, "मायी चप्पल कुठं हाये?"